गाय, खावटी आणि अठरा महिने : मुर्शिदाबादमधील एका दानाचा प्रकरण अभ्यास

या शतकाच्या पहिल्या दशकात बचत गट आणि सूक्ष्म कर्ज यांचा सर्वत्र बोलबाला होता, तेव्हा त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या काही जाणत्या माणसांना एक गोष्ट सलत होती. गावातल्या सर्वांत गरीब घरापर्यंत कर्ज पोहोचतच नव्हते. अशा घरातली बाई कर्ज मागायला येत नसे, कारण पहिला हप्ता कुठून फेडायचा हे तिला ठाऊक नसे. आणि ती आलीच तर गटातल्या इतर बायका तिला सामावून घ्यायला कचरत, कारण तिचा हप्ता थकला तर तो त्यांच्या गळ्यात पडणार होता. बांगलादेशात फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये उभ्या केलेल्या ब्रॅक या संस्थेला हा अनुभव वर्षानुवर्षे येत होता. अखेर २००२ मध्ये ब्रॅकने अतिगरीब कुटुंबांसाठी एक वेगळा कार्यक्रम सुरू केला, ज्यात कर्ज नव्हते, सरळ दान होते. कमाईचे एखादे साधन द्यायचे, ते उत्पन्न देऊ लागेपर्यंत खायला द्यायचे, ते सांभाळायचे कसे हे शिकवायचे, आणि सुमारे दोन वर्षे त्या घराची पाठ सोडायची नाही, असा त्याचा आराखडा होता.

हाच आराखडा भारतात पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात २००७ च्या सुमारास बंधन या संस्थेने राबवला. चंद्रशेखर घोष यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ही संस्था मुळात सूक्ष्म कर्जाचे काम करणारी, पुढे २०१५ मध्ये तिची बँक झाली. या प्रयोगाला पैसा कर्जाच्या व्यवहारातून नव्हे, तर देणगीतून मिळाला होता, आणि सीगॅप (गरिबांपर्यंत वित्तसेवा पोहोचाव्यात म्हणून काम करणारा, जागतिक बँकेत कार्यालय असलेला गट) व फोर्ड फाउंडेशन ही अमेरिकी दानसंस्था यांनी २००६ पासून आठ देशांत जे दहा पथदर्शी प्रकल्प उभे केले त्या मालिकेतला तो एक होता. मुर्शिदाबादचे प्रकरण निवडण्याचे कारण इतकेच की दानातून उभ्या राहिलेल्या उपजीविकेचा माग इतक्या चिकाटीने, दहा वर्षे, क्वचितच कोणी काढला आहे. आणि त्या दहा वर्षांत जे दिसले ते देणाऱ्याच्या मनातल्या चित्रापेक्षा बरेच निराळे आहे.

जिल्हा आणि निवड

मुर्शिदाबाद हा गंगेच्या काठचा, दाट वस्तीचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ७१ लाखांवर होती. जमीन सुपीक आहे, पण ती फार थोड्यांच्या वाट्याला येते, आणि नदी काठ कापत राहते तिथे असलेली जमीनही हातची जाते. घरोघरी बायका बिड्या वळतात, पुरुष गवंडीकामाला किंवा मजुरीला दूरच्या राज्यांत जातात. ज्या घरात कर्ता पुरुषच नाही, तिथे शेतमजुरी मिळेल त्या दिवशी चूल पेटते.

अशी घरे शोधायची कशी, हा कार्यक्रमाचा पहिला प्रश्न होता. सरकारी यादीवर विसंबण्याऐवजी बंधनने वस्तीलाच बोलावले. लोक एकत्र बसून आपल्या वस्तीचा नकाशा जमिनीवर काढत, त्यात एकेक घर मांडत, आणि मग कोण कोणापेक्षा बरे आहे, कोण सर्वांत खाली आहे, याची प्रतवारी स्वतःच लावत. ही रीत कागदावर साधी वाटते, पण ती चालताना जे घडते ते मोलाचे आहे. अमुक घरी जमीन आहे पण ती गहाण पडली आहे, तमुक घरी मुलगा आहे पण तो पैसे पाठवत नाही, ही माहिती कोणत्याही अर्जात नसते. ती शेजाऱ्यांच्या तोंडी असते, आणि चारचौघांत बसून बोलताना कोणी फार खोटे बोलू शकत नाही.

तळाला आलेल्या घरांना मग संस्थेचे कर्मचारी प्रत्यक्ष भेट देत आणि ठरलेल्या निकषांवर तपासत. घरात काम करू शकेल अशी स्त्री असावी आणि त्या घराने सूक्ष्म कर्ज घेतलेले नसावे, या दोन अटी अनिवार्य होत्या. शिवाय पाच लक्षणांपैकी किमान तीन लागू असावीत, असा नियम होता : जमीन ०.२ एकरापेक्षा कमी असणे, कमाईचे कोणतेही साधन नसणे, धडधाकट पुरुष नसणे, शाळेच्या वयाची मुले कामाला जाणे, आणि मजुरी किंवा भीक हाच मुख्य आधार असणे. पहिल्या अटीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. काम करू शकणारी स्त्री असावी असे म्हणताच अंथरुणाला खिळलेली म्हातारी, एकटा अपंग माणूस, असे सर्व बाहेर पडतात. हा निर्दयपणा नाही. उपजीविका उभी करणारे दान आणि आधार देणारे दान ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची गरज असलेल्या घरात पहिले नेऊन ठेवले तर गाय आणि माणूस दोघेही उपाशी राहतात. मात्र या वगळलेल्यांसाठी दुसरी सोय नसेल तर निवड कितीही शास्त्रशुद्ध असली तरी अपुरीच राहते.

अशी १२० वस्त्यांतली ९७८ घरे पात्र ठरली. सर्वांना पुरेल इतकी देणगी नव्हती, म्हणून सोडत काढण्यात आली आणि तीत ५१४ घरांची नावे निघाली. उरलेल्या घरांची केवळ पाहणी होत राहिली. तितक्याच गरीब शेजारणीला काहीच न देता तिला प्रश्न विचारत राहणे मनाला रुचत नाही, हे मी मान्य करतो. पण पैसा अपुरा असताना चिठ्ठी टाकणे हे ओळखीपाळखीने वाटण्यापेक्षा न्याय्य असते, आणि तुलनेला दुसरी घरे नसती तर झालेला बदल दानाचा की काळाचा, हे कधीच सांगता आले नसते.

निम्म्या घरांनी नाही म्हटले

सोडतीत नाव निघालेल्या ५१४ घरांपैकी फक्त २६६ घरांनी साधन स्वीकारले. फुकट मिळणारी गाय जवळजवळ निम्म्या घरांनी नाकारली.

संशोधकांनी नोंदवलेली कारणे वाचताना गरिबाच्या शहाणपणाचा अंदाज येतो. काहींना हा फसवणुकीचा प्रकार वाटला, किंवा आज गाय देऊन उद्या न फिटणारे कर्ज मानेवर बसवतील अशी भीती वाटली. आणि देणारी संस्था एरवी कर्जच देणारी होती हे लक्षात घेतले तर ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. काहींना जनावर सांभाळणे आपल्याच्याने होणार नाही असे वाटले. काही घरांत नवऱ्याने नकार दिला. थोड्या वस्त्यांत तर ही ख्रिस्ती संस्था आहे आणि गाय घेणाऱ्याला धर्म बदलायला लावणार, अशी वदंता पसरली होती.

ज्याने आयुष्यभर प्रत्येक मदतीची किंमत नंतर मोजली आहे, तो मदतीकडे संशयानेच पाहणार. देणगीदार मंडळींना या आकड्याचा राग येताना मी पाहिले आहे. ‘यांना काही नकोच असते’ हे वाक्य फार लवकर तोंडावर येते. परंतु नकार देणारी बाई हिशेबच करत असते. एकच दिवसाची मजुरी हातात असताना अनोळखी माणसाच्या शब्दावर ती पणाला लावायची का, हा तो हिशेब आहे. विश्वास कमावायला लागणारे दिवस हा कार्यक्रमाच्या खर्चाचा भाग धरला पाहिजे, आणि बहुतेक अंदाजपत्रकांत त्याला रकानाच नसतो.

पुढच्या सर्व निष्कर्षांत नाकारणारी घरेही मोजली गेली आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते. ५१४ घरांची सरासरी ९७८ पैकी उरलेल्या घरांच्या सरासरीशी ताडून पाहिली गेली. म्हणजे ज्यांनी साधन खरोखर घेतले त्यांच्या घरातला बदल या आकड्यांपेक्षा मोठाच असणार.

गोठ्यातले अठरा महिने

साधन कोणते घ्यायचे याची निवड बाईवर सोपवलेली होती. बहुतेकींनी जनावरे निवडली, गायी आणि शेळ्या; थोड्यांनी छोट्या विक्रीचा धंदा निवडला. संस्थेने रोख रक्कम हातात दिली नाही. जनावर स्वतः खरेदी करून दिले, त्याच्याबरोबर चारा आणि निवाऱ्याची सोय पाहिली.

दारात गाय आली म्हणजे त्या दिवसापासून घरातली बाई तिच्याबरोबर दावणीला बांधली जाते. सकाळी शेण काढायचे, पाणी दाखवायचे, दिवसभरात वैरण मिळवायची, दुपारच्या उन्हात सावलीला हलवायचे. हे सगळे करताना मजुरीचे दिवस बुडतात. गाय गाभण असेल तर व्यायला अवकाश असतो, आणि व्यायली तरी पहिले काही दिवस दूध वासराचे असते. मधल्या काळात जनावर खाते, देत काही नाही. अशा वेळी घरातले एखादे मूल तापाने फणफणले, औषधाला पैसे लागले, की त्या घरात विकता येण्याजोगी वस्तू एकच असते. गाय जाते. ती मिळेल त्या भावाला जाते, कारण अडलेल्याला भाव ठरवता येत नाही. दान दिलेली जनावरे वर्षभरात नाहीशी झाली की लोक लाभार्थ्याच्या बेपर्वाईला दोष देतात, पण गणित त्याआधीच चुकलेले असते.

म्हणून कार्यक्रमात साधनाबरोबर खावटी होती. ३० ते ४० आठवडे, दर आठवड्याला, घरखर्चाला थोडी रोकड मिळत असे. तिच्यामुळे कोणी श्रीमंत होणार नव्हते; पोटासाठी गाय विकावी लागू नये एवढेच तिचे काम होते. जोडीला सक्तीची छोटी बचत होती, म्हणजे पुढच्या आजारपणाला हात गाईकडे न जाता आधी गाठीशी असलेल्या पैशाकडे जावा. आणि दर आठवड्याला संस्थेचा माणूस येत होता.

या शेवटच्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त भर द्यावासा वाटतो. अठरा महिने, दर आठवड्याला एक माणूस वस्तीत येतो, बायकांना एकत्र बसवतो, शेळीला जंत झाले की काय दिसते, लस कधी टोचायची, खुराक किती, वासरू कधी तोडायचे, हे सांगतो; त्याबरोबर आरोग्याचे, मुलांच्या शाळेचे विषय निघतात. ज्या बाईच्या दारात आजवर वसुलीवाल्याखेरीज कोणी बाहेरचे आले नाही, तिच्याकडे कोणीतरी ठरलेल्या वारी येऊन ‘शेळी कशी आहे’ असे विचारते. मुर्शिदाबादसह सहा देशांतल्या अशा प्रकल्पांच्या एकत्रित अभ्यासात मानसिक स्वास्थ्याचे मापही सुधारलेले आढळले. त्यातला किती वाटा पोट भरल्याचा आणि किती त्या चौकशीचा, हे वेगळे काढणे अवघड आहे.

तरीही ताळेबंदात या माणसाचा पगार ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून बसतो. देणगीदार विचारतो, माझ्या शंभर रुपयांतले गायीवर किती गेले? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो विचारून आपण त्या माणसाच्या फेऱ्या कमी करत असतो. घानामध्ये पुढे झालेल्या एका अभ्यासाने हे पडताळून पाहिले. तिथे काहींना पूर्ण कार्यक्रम दिला, काहींना नुसत्या शेळ्या, काहींना नुसती बचतीची सोय. नुसत्या शेळ्या किंवा नुसती बचत यांपैकी कशानेही पूर्ण कार्यक्रमासारखा परिणाम साधला नाही.

दहा वर्षांनी

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह संशोधकांनी या घरांना अठरा महिन्यांनी, तीन वर्षांनी, सात वर्षांनी आणि दहा वर्षांनी भेटी दिल्या. पहिल्या भेटीत सुधारणा दिसली यात नवल नव्हते. मदत नुकतीच थांबलेली होती. नवल पुढे आहे. सात वर्षांपर्यंत दोन गटांतले अंतर वाढत गेले, आणि दहाव्या वर्षीही ते टिकून होते. गरिमा शर्मा यांच्यासह २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात घरखर्च प्रमाण विचलनाच्या (घराघरांत एरवी जो फरक असतो त्याच्या मापाच्या) ०.६ पट, उत्पन्न ०.३ पट, आरोग्य ०.२ पट आणि अन्नसुरक्षा ०.१ पट अधिक असल्याची नोंद आहे. एकदाच दिलेल्या मदतीचा ठसा दहा वर्षे राहतो, ही गोष्ट या क्षेत्रात दुर्मीळ आहे.

मात्र हे उत्पन्न येत कुठून होते, ते पाहिल्यावर प्रकरणाला वेगळे वळण मिळते. ते केवळ गायींतून येत नव्हते. टिकाऊपणाचे एक मुख्य कारण म्हणून संशोधकांना असे आढळले की या घरांनी जास्त मजुरीची कामे मिळवली, विशेषतः घरातली माणसे परगावी जाऊन. गावातच उपजीविका मिळावी, कोणाला गाव सोडावे लागू नये, अशा भावनेने दिलेल्या दानाने बाहेर जाण्याची ताकद दिली.

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणाचा गाभा इथे आहे. स्थलांतर दोन प्रकारचे असते. भुकेने ढकललेला माणूस मुकादमाकडून उचल घेऊन जातो आणि ती फेडेपर्यंत मिळेल ते काम करतो. ज्याच्या मागे घरात थोडे दूध आहे, थोडी बचत आहे, त्याला प्रवासखर्च करून, चार दिवस काम शोधून, बरी मजुरी मिळेल तिथे जाता येते. गायीने घराला उसंत दिली, आणि त्या उसंतीचे काय करायचे हे घराने ठरवले. देणाऱ्याने दहा वर्षांनी दारात गाय शोधली असती आणि ती न दिसल्यावर दान वाया गेले असे मानले असते, तर त्याने घडलेली सर्वांत मोठी गोष्टच नजरेआड केली असती.

बांगलादेशातल्या ब्रॅकच्या कार्यक्रमाचा अभ्यास, जो १,३०९ गावांतल्या २१,००० हून अधिक घरांचा होता, याच दिशेने बोट दाखवतो. सुरुवातीला अतिगरीब बायका हंगामी मजुरी करत होत्या आणि बऱ्या घरच्या बायका जनावरे पाळत होत्या. संधी मिळताच गरीब बायकांनीही जनावरे पाळली, कामाचे तास वाढवले आणि सात वर्षांनी त्यांच्याकडे जनावरांबरोबर जमीनही वाढलेली होती. म्हणजे अडचण अंगातल्या आळसाची किंवा अज्ञानाची नव्हती. त्याच घरांच्या अकरा वर्षांच्या माहितीवर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले की मालमत्तेचा एक उंबरठा असतो : मदतीने जी घरे तो ओलांडून गेली ती पुढे स्वतःच्या बळावर वाढत गेली, आणि जी त्याच्या अलीकडे राहिली ती पुन्हा घसरली. थोडे थोडे पुष्कळांना वाटण्याचा मोह प्रत्येक दात्याला होतो, आणि तो चांगल्या मनातूनच होतो. परंतु उंबरठ्याच्या अलीकडे थांबलेली मदत पुष्कळांना मिळूनही कोणाच्याच कामी येत नाही.

जिथे हे जमले नाही

हाच आराखडा आंध्र प्रदेशात, आज तेलंगणात असलेल्या भागात, दुसऱ्या एका संस्थेने राबवला तेव्हा उत्पन्नावर किंवा मालमत्तेवर टिकाऊ निव्वळ परिणाम आढळला नाही. त्या काळात तिथे अकुशल मजुरीचे दर झपाट्याने वाढत होते. ज्यांना जनावर मिळाले त्या बायका गोठ्यात वेळ घालवत होत्या आणि ज्यांना मिळाले नाही त्या वाढलेल्या मजुरीवर जात होत्या. शेवटी दोघी जवळपास सारख्याच जागी पोहोचल्या. होंडुरासमध्ये कारण आणखी साधे होते. तिथे दिलेल्या कोंबड्यांपैकी पुष्कळशा रोगाने मेल्या. सहा देशांच्या २०१५ च्या अभ्यासात भारतातल्या, म्हणजे मुर्शिदाबादच्या, कार्यक्रमातून मिळालेला लाभ खर्चाच्या ४३३ टक्के निघाला, तर होंडुरासचा हिशेब तोट्यात गेला. आराखडा तोच असूनही स्थानिक मजुरीचा दर आणि जनावराची प्रकृती या दोन गोष्टींनी निकाल फिरवला. म्हणून नव्या गावात हे काम नेताना पहिली चौकशी तिथल्या रोजगाराची आणि जनावरांच्या डॉक्टरची व्हायला हवी.

बिहार सरकारने २०१८ मध्ये सतत जीविकोपार्जन योजना सुरू केली, तेव्हा हीच पद्धत सरकारी यंत्रणेतून, जीविका या राज्याच्या ग्रामीण उपजीविका कार्यक्रमाच्या बचत गटांच्या जाळ्यातून राबवायला घेतली. दारूबंदीनंतर ज्या घरांचा देशी दारू आणि ताडी विकण्याचा धंदा बुडाला होता त्यांचा त्यात आवर्जून समावेश होता. देणगीच्या पैशावर शेकडो घरांत सिद्ध झालेली गोष्ट सरकारी पैशावर खूप मोठ्या संख्येने करता येते, हे त्यातून दिसले. आणि खासगी दानाचे एक महत्त्वाचे काम हेच असावे असे मला वाटते, की सरकार ज्यात धोका पत्करायला तयार नसते ते आधी करून, मोजून दाखवावे.

एक प्रश्न मात्र मुर्शिदाबादनेही सोडवलेला नाही. साधन स्त्रीच्या नावे दिले होते, शिक्षण तिला मिळाले, बैठकीला ती बसली. सहा देशांच्या अभ्यासात कार्यक्रम संपताना घरातल्या निर्णयांतला स्त्रीचा वाटा वाढलेला दिसला होता, पण त्यानंतर वर्षभराने पाहिले तेव्हा ती वाढ मोजमापात दिसेनाशी झाली होती, बाकीचे बहुतेक लाभ टिकून असताना. पुढे मुर्शिदाबादच्या घरांत उत्पन्न वाढले ते बऱ्याच अंशी परगावी गेलेल्या कमावत्या माणसांच्या पैशातून. गाय तिची होती. तिने उसंत मिळवून दिली. त्या उसंतीतून आलेला पैसा कोणाच्या हातात पडतो आणि तो कसा खर्च करायचा हे कोण ठरवते, ही विचारपूस दर आठवड्याला येणाऱ्या त्या माणसाने पहिल्या महिन्यापासून करायला हवी होती.